चालू ठेवणारी माणसं

[दृश्य : फर्मागुडीचा चढ. कदंबची बस थांबते, विद्यार्थी उतरतात.]

फोंड्याहून पणजीकडे निघालं की चढावर फर्मागुडी लागते. इथं गोपाळ गणपतीचं देऊळ आहे आणि १९६७ साली सुरू झालेलं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज. २०१६पासून आयआयटी गोव्याचे वर्गही याच आवारात भरू लागले. इथून पास झालेली पोरं पुणं, बेंगळुरू गाठतात. काही जण वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरतात. कोविडनंतर काही घरी परतली आणि डिचोली-साखळीतल्या माडीवर लॅपटॉप उघडून बसली.

संध्याकाळी भाजी-पाव समोर आला की सॉफ्टवेअरच्या कामाच्या गप्पा सुरू होतात. स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, उगाच लांबतो. अंदाज म्हणून सांगितलेली तारीख डेडलाइन होऊन परत येते. काम मागे पडलं की वरून आणखी चार माणसं येतात, आणि काम आणखी मागे पडतं. ही तक्रार जुनी आहे. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं होतं की, उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीरच वाढतो, कारण नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो.

पण एका विषयावर सगळ्यांचाच आवाज चढतो. नवं फीचर बांधणाऱ्याचं नाव मीटिंगमध्ये घेतलं जातं. दहा वर्षांपूर्वीचा कोड सांभाळणाऱ्याचं नाव निघतं ते प्रोडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती यंत्रणा, बंद पडल्यावरच.

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा. नोंदणीचा फॉर्म, नावाचा रकाना.]

साखळीच्या एका मुलीकडे आलेलं हे तिकीट, म्हणजे दुरुस्तीसाठी नोंदवलेलं काम, बघा. तक्रार एवढीच : काही बायकांची नावं अर्धवट छापली जातात. टेस्टिंगमध्ये सगळी नावं रोमन लिपीत टाकलेली, तिथं सगळं ठीक. मग तिनं देवनागरीत ‘लक्ष्मी’ टाकून पाहिलं. संगणकाच्या लेखी यात सात चिन्हं आहेत : ल, क, हलन्त, ष, पुन्हा हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट (साठवणीचं एकक) खातं, म्हणजे झाले एकवीस. कोणे एके काळी कुणीतरी नावासाठी वीस बाइटची जागा ठेवली होती. शेवटची वेलांटी अर्धी कापली गेली आणि तिच्या जागी प्रश्नचिन्ह आलं.

दुरुस्ती दोन ओळींची. पण त्या ओळी कुठे आहेत, नाव फॉर्ममधून रिपोर्टपर्यंत कुठून कुठे जातं, एक जागा बदलली तर दुसरं काय फुटेल, हे कळायला तिला आठवडा लागला. त्या आठवड्यात तिनं लिहिलं थोडं, वाचलं खूप. ज्यांनी तो कोड लिहिला, ते कधीच नोकरी सोडून गेलेले. आठवड्याच्या अहवालात मात्र दिसल्या फक्त दोन ओळी. मला हे अन्यायाचं वाटतं. कामाचं माप ओळींत घ्यायला लागलो तर असं तिकीट घ्यायला पुढे कोण येईल?

हे फक्त आपल्याकडचं नाही. डिसेंबर २०२१मध्ये प्रोग्रॅममधल्या घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या लॉग-फोर-जे या छोट्या लायब्ररीत, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडमध्ये, सुरक्षेतलं भोक सापडलं आणि जगभरचे सर्व्हर धोक्यात आले. ती सांभाळत होते मोजके स्वयंसेवक. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यानं ते सोडून दिलं नाही. खणत गेला, तेव्हा फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवत कुणीतरी तिथवर पोचलं होतं. अर्ध्या सेकंदानं बेचैन होणारा माणूस होता, म्हणून निभावलं.

[दृश्य : गणेश चवथीची तयारी. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या मांडवीला, फळं बांधताहेत, शेजारी फोन.]

चवथीला गोव्यात घर सोडून कुणी हलत नाही. पण सर्व्हरला चवथ ठाऊक नसते. ज्याची ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाल्यास धावायची, पाळी, तो आरतीलाही फोन खिशात ठेवतो. फोन वाजला नाही, तर त्याच्या पाळीची कुणी दखलही घेत नाही.

आता एआय क्षणात शंभर ओळी लिहून देतं. पोरं ते वापरतात, त्यानं वेळ वाचतो हेही मान्य करतात. पण त्या शंभर ओळी वाचायच्या कुणी, पास करायच्या कुणी, आणि चार वर्षांनी त्यात बग निघाला तर जबाबदारी कुणाची? रिव्ह्यूला, म्हणजे तपासणीला, येणाऱ्या ओळींचा ढीग वाढतोय, वाचणारे तेवढेच आहेत.

म्हणून या मंडळींचं एक मागणं आहे आणि मला ते पटतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कोऱ्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहायला सांगतात, तो सांगावाच. पण एखाद्या परीक्षेत दुसऱ्याचा जुना, गुंतागुंतीचा कोड हातात द्यावा, त्यात एक चूक ठेवावी आणि ती शोधायला सांगावं. मार्क शोधण्याला द्यावेत, आणि शोधताना काय काय तपासलं ते नीट लिहून ठेवण्यालाही.