पाऊस मोजणारी बाटली आणि सातवीचा वर्ग

श्रोतेहो, नमस्कार. ‘तुला आवडेल तो प्रकल्प कर,’ असं सातवीच्या मुलाला सांगितलं की आठवड्याभरात थर्माकोलचा ज्वालामुखी हजर होतो. त्यात मुलाची आवड किती आणि आईबाबांची रात्र किती, हे गुरुजींना रंगकामावरूनच कळतं.

चूक विषय निवडण्यात होते. ‘पाऊस’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘आमच्या शाळेत आणि माझ्या घरी एकाच दिवशी सारखाच पाऊस पडतो का?’ हा प्रश्न. त्याचं उत्तर पुस्तकात नसतं, गुरुजींनाही ठाऊक नसतं. म्हणून पहिले दोन तास केवळ प्रश्न बारीक करण्यात गेले तरी चालतील.

वेळ आणायचा कुठून? कार्यानुभवाचे आठवड्यातले दोन तास सलग घ्या, म्हणजे सत्तर मिनिटं. पन्नास मुलांचे तिघातिघांचे गट केले की सतरा गट होतात. प्रत्येकाला पाच मिनिटं दिली तर एका आठवड्यात आठ-नऊ गट पाहून होतात, म्हणजे प्रत्येक गटाची पाळी पंधरवड्याने येते. चौघांचा गट करू नका; चौथा नुसता बघत बसतो. खर्चाला पन्नास रुपयांची मर्यादा घातली की स्टेशनरीच्या दुकानातलं तयार सामान आपोआप बाद होतं.

आता ती पावसाची बाटली. दोन लिटरची, सरळ अंगाची घ्या. मधे कंबर असलेली नको. जिथून ती निमुळती होऊ लागते तिथे कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर बोट कापेल. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्यामुळे पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस.

फसतं ते तळाशी. तळ खडबडीत असतो, म्हणून खळगे बुडेपर्यंत आधी पाणी ओतायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. मुलं पट्टी थेट तळाला टेकवतात. पट्टीच्या टोकाला शून्याआधी कोरी जागा असते, तीही हिशेबात धरत नाहीत. उघडीप पडली की पाणी रेघेखाली जातं, ते पुन्हा भरावं लागतं. बाटली वाऱ्याने कलंडते, म्हणून ती विटांच्या मधे ठेवा. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. कोकणात एका दिवसात 200 मिलिमीटर कोसळला तर बाटली भरून वाहू लागते. तिथे दिवसातून दोनदा मोजून रिकामी करून पुन्हा रेघेपर्यंत भरलेली बरी.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मुलांनीही तीच वेळ पाळली तर त्यांचे आकडे खात्याच्या आकड्यांशेजारी मांडता येतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उत्साह ओसरतो. तेव्हा नवं सामान देऊ नका, वही तपासा. गुण द्यायचे ते वहीतल्या खाडाखोडीला: काय बिघडलं, कधी कळलं, काय बदललं. देखणा तक्ता उताऱ्यासारखा असतो, एकाचा दुसऱ्याने काढलेला.

राहता राहिला रविवार. शाळेतली बाटली त्या दिवशी कुणी बघत नाही, आणि सोमवारी दोन दिवसांचं पाणी साचलेलं असतं. मुलं त्याचे दोन सारखे भाग करून दोन रकान्यांत भरतात. तसं करू देऊ नका. रविवारचा रकाना कोरा ठेवावा आणि सोमवारसमोर लिहावं : 34 मिलिमीटर, दोन दिवसांचा.