कॉर्फचा किल्ला: तोफांना हटला नाही, फितुरीने गेला

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातला हा कॉर्फचा किल्ला. नैऋत्य दरवाजाचे हे दोन बुरूज पाहा. बांधले तेव्हा एका ओळीत होते. आज एक काही मीटर खाली घसरलाय, तोही जवळजवळ उभाच. दगडांचे थर जुळत नाहीत, मधली कमान दुभंगलीय. ही पडझड ऊन-पावसाने झालेली नाही, ती १६४६ मध्ये मुद्दाम केली गेली.

टेकडी सुमारे ५५ मीटर उंच. तिच्या माथ्यावरचा २१ मीटरचा बालेकिल्ला बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्रीच्या काळात उभा राहिला. पुढे साडेचारशे वर्षं किल्ला राजघराण्याकडेच राहिला. १५७२ मध्ये राणी एलिझाबेथने तो सर ख्रिस्तोफर हॅटनला विकला आणि १६३५ मध्ये सर जॉन बँक्स यांनी घेतला. बँक्स राजा चार्ल्सचे कायदेपंडित. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा ते राजाबरोबर होते आणि किल्ला लढवला त्यांच्या पत्नीने, मेरी बँक्स यांनी.

१६४३ च्या वेढ्यात पार्लमेंटच्या पाचशेहून जास्त सैनिकांसमोर किल्ल्यात होती जेमतेम ऐंशी माणसं. वेढेकऱ्यांनी तटाला भिडण्यासाठी लाकडी फळ्यांचा फिरता आडोसा बनवला, त्याचं नाव ‘डुकरीण’. गोळ्या अडाव्यात म्हणून फळ्यांना आतून लोकर लावली होती, पण खालून पाय उघडेच. तटावरच्या बंदूकवाल्यांनी नेमके पायच टिपले आणि आतल्या अकरांपैकी नऊ जण लंगडत पळाले. वरच्या भागात मेरीबाई, त्यांच्या मुली आणि दासी शिड्यांवर चढणाऱ्यांच्या डोक्यावर दगड अन् धगधगते निखारे ओतत होत्या. सहा आठवड्यांनी वेढा उठला.

दुसऱ्या वेढ्यात मात्र घात झाला. किल्ल्यातलाच पिटमन नावाचा अधिकारी फितूर झाला. कुमक आणतो असं सांगून त्याने शत्रूचेच सैनिक आत घेतले.

किल्ला पुन्हा लढता राहू नये म्हणून पार्लमेंटने तो पाडायचा हुकूम दिला. भिंतींखाली खड्डे खणून दारू ठासली आणि बत्ती दिली. पण शेकडो वर्षांत चुना इतका मुरला होता की भिंती विटा-दगडांसारख्या विखुरल्या नाहीत. घराएवढ्या ढेपा अखंड कलंडल्या. तो घसरलेला बुरूज त्यांपैकीच एक. सुटे झालेले दगड गावातल्या घरांना लागले.

राजेशाही परतल्यावर बँक्स यांचा मुलगा राल्फ याने किल्ला दुरुस्त न करता १६६३ पासून किंग्स्टन लेसी इथे नवा वाडा बांधला. किल्ला आणि वाडा दोन्ही १९८१ पर्यंत बँक्स घराण्याकडे होते. त्या वर्षी शेवटच्या मालकाच्या मृत्युपत्रानुसार सगळी जहागीर नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे गेली.