माळवद पाडण्याआधी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'माळवदाच्या घराची रचना'. रचनेवर येतोच. पण आधी आज्जीला माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढू द्या. तिच्याशिवाय मला ते घर सांगता येत नाही.

मिरगाच्या आधी आज्जी पांढरीची माती आणवायची. पोरांसाठी सांगतो, काळी कसायची आणि पांढरीवर गाव वसवायचं. काळी माती वर टाकली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात घर ठिबकतं. पांढरी दबून बसते. आज्जी चिमूटभर पाणी शिंपडून माती मुठीत दाबायची. मूठ उघडल्यावर बोटांचे वळ राहिले तरच पाटी वर जायची. भर पावसात ठिबकलं की ती खालून काठीनं ठोकायची, मी वरून "इथं का?" म्हणत टाचेनं ती जागा दाबायचो. आणि छतातलं उजेडाचं ते भोक, साणं! त्यातला कवडसा चुलीपाशी आला की जेवणाची वेळ. सर आली की त्यावर पाटी उपडी घालायची. ती घालायला विसरून मी मार खाल्लाय. हसताय, म्हणजे तुम्हीही खाल्लाय.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीच्या भूकंपाचं मी तुम्हाला काय सांगणार, या खोलीत त्या रात्रीची माणसं बसली आहेत. आमचं घर मात्र पडलं नाही. नंतर एक साहेब आले, उंबरठ्यावरूनच बघून म्हणाले, "मातीचं आहे, पाडून टाका." आम्ही पाडलं. खांब-तुळया मिळेल त्या भावाला गेल्या. आज तिथं पत्रा आहे. चैतातल्या दुपारी त्याखाली बसवत नाही. हे मला अजून सलतं, कारण साहेबांनी खांबाला हातसुद्धा लावला नव्हता.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर रचना. घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, मोजायचं. खांबांवर तुळई, तुळईवर सर म्हणजे आडवी लाकडं, सरांवर किलचनं म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर पाला, मग माती. म्हणजे छताचा भार लाकडानं पेलायचा. भिंत आडोशाला, गारव्याला. किल्लारीच्या भागात बऱ्याच घरांत भिंती ढासळल्या आणि लाकडी सांगाडा उभा राहिला.

घात झाला तो दगडी भिंतीत. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला, थर फाकले. त्यात दरसाल नवी माती टाकत गेलो, जुनी कोणी उतरवली नाही. छताचं ओझं वाढतच गेलं.

म्हणून पाडायचं ठरवण्याआधी तीन कामं करा. माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत ठिकठिकाणी आरपार जोड बसवा, खांब-तुळईच्या कोनात तिरपं लाकूड ठोका.

कोणाचं माळवद अजून उभं असेल तर खाली थांबा. मी टेप घेऊन येतो.