मिचर यांची खुर्ची आणि 20 जूनची रात्र

मंडळी, विमानवाहू नौकेचा विषय निघाला की डेकची लांबी, विमानांची संख्या, वेग असे आकडे सांगितले जातात. मी आज एका माणसाबद्दल बोलणार आहे: अमेरिकन नौदलाचे ॲडमिरल मार्क मिचर. ही नौका शेवटी वैमानिकांच्या जिवावर लढते, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

1916 मध्ये ते नौदलाचे 33 वे वैमानिक झाले. तेव्हा सगळा मान मोठ्या तोफांच्या बॅटलशिपना होता. विमानांनी टेहळणी करावी, एवढीच अपेक्षा. 1919 मध्ये अटलांटिक ओलांडायला निघालेल्या एनसी-1 या उडत्या बोटीवर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानावर, मिचर होते. अझोर्स बेटांजवळ धुक्यामुळे बोट समुद्रावर उतरवावी लागली आणि खवळलेल्या पाण्यातून ती पुन्हा उडेना. एका ग्रीक जहाजानं सगळ्यांना वाचवलं. समुद्रात पडलेला वैमानिक कशाची वाट बघतो, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

मधली वर्षं मी भरभर सांगतो. सॅराटोगा या विमानवाहू नौकेवर पहिलं विमान त्यांनीच उतरवलं. एप्रिल 1942 मध्ये अमेरिकन वैमानिक डूलिटल यांच्या नेतृत्वाखालची 16 बॉम्बफेकी विमानं टोकियोकडे झेपावली ती हॉर्नेट या विमानवाहू नौकेवरून, आणि तिचे कप्तान मिचर. 1944 मध्ये टास्क फोर्स 58, म्हणजे वेगवान विमानवाहू नौकांचा ताफा, त्यांच्या हाती आला. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच जागी, वारा तोंडावर येऊ नये म्हणून ते जहाजाच्या मागच्या बाजूला तोंड करून फिरत्या खुर्चीत बसत. डोक्यावर लांब चोचीची टोपी.

आता 20 जून 1944, फिलिपिन समुद्र. जपानी ताफा सापडला तो दुपार कलल्यावर. मिचर यांनी दोनशेहून जास्त विमानं सोडली, आणि मग कळलं की शत्रू आधी सांगितलं त्याहून बराच लांब आहे. दुसरी तुकडी त्यांनी थांबवली. गेलेल्यांना मात्र परत बोलावलं नाही. परतताना काळोख पडला, इंधनाच्या टाक्या रिकाम्या होत आलेल्या. दिवे लावले तर आसपासच्या शत्रूच्या पाणबुड्यांना आख्खा ताफा दिसणार. मिचर यांनी हुकूम दिला, दिवे लावा. सर्चलाइट आकाशात उभे राहिले, विनाशिकांनी प्रकाशगोळे सोडले. ज्याला जी नौका दिसेल तिच्यावर त्यानं उतरावं! तरीही सुमारे 80 विमानं समुद्रात पडली किंवा उतरताना मोडली. पण त्यांतली बहुतेक माणसं त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत शोधून काढली गेली. सेनापतीची लायकी मी याच हुकमावरून ठरवतो.

युद्धानंतर मिचर यांनी जाहीरपणे मांडलं की जपान हरला तो विमानवाहू नौकांच्या वर्चस्वामुळे. मला हे थोडं एकांगी वाटतं. जपानची मालवाहतूक मोडून काढली ती मुख्यतः अमेरिकन पाणबुड्यांनी. पण तेव्हा वॉशिंग्टनमध्ये वेगळं हवाई दल उभं राहत होतं आणि नौदलाची विमानं कोणाच्या ताब्यात राहणार यावर भांडण पेटलं होतं. नौदलप्रमुखपद नाकारणाऱ्या मिचर यांनी या भांडणात मात्र माघार घेतली नाही. 3 फेब्रुवारी 1947 रोजी ते गेले, तेव्हा ते अटलांटिक ताफ्याचे प्रमुख होते.