स्नायू फक्त ओढतो

बेटकुळी काढून दाखवा म्हटलं की लहान मूलसुद्धा कोपर वाकवतं आणि मूठ आवळतं. आज तेच करू, फक्त मूठ सैल ठेवा. कोपर काटकोनात वाकवून अंगाशी धरा. दुसऱ्या हाताची बोटं दंडावर, बेटकुळी येते तिथे, हलकेच टेकवा. आता तळहात आधी जमिनीकडे आणि मग छताकडे फिरवा. तळहात वर वळला की बोटांखालचा स्नायू टणक होतो, खाली वळला की सैल पडतो. कोपर जागचं हललेलं नाही, तरी बेटकुळीचा स्नायू कामाला लागला.

याचं कारण तो कुठे चिकटला आहे यात आहे. या स्नायूचं, म्हणजे बायसेप्सचं, खालचं टोक कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडाला जोडलेलं असतं, आणि तळहात खाली वळला की त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, त्या हाडाभोवती अर्धवट गुंडाळली जाते. स्नायू आखडला की ती उलगडते आणि हाड गर्रकन वळतं. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना जोर येतो तो इथून. कोपर वाकवण्याचं भरवशाचं काम खरं तर बायसेप्सच्या खाली दडलेला ब्रेकियालिस नावाचा स्नायू करतो. तो करंगळीकडच्या हाडाला जोडलेला असतो, आणि ते हाड फिरत नाही. म्हणून तळहात कुठेही वळलेला असो, ब्रेकियालिस कोपर वाकवतोच. बेटकुळी दिसते एकाची, पण तिला खालून उचलून धरणारा दुसराच असतो.

आजच्या सगळ्या विषयाचा पाया एका वाक्यात आहे: स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलू शकत नाही. शरीरात 600 हून अधिक स्नायू हाडं हलवतात, आणि त्यांतला एकही ढकलत नाही. तुम्ही दार ढकलता तेव्हासुद्धा दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कोपराच्या टोकाला मागून ओढत असतो, त्याने हात सरळ होतो आणि दार पुढे जातं. वाकवणारा एक असेल तर सरळ करणारा दुसरा लागतोच. हे इतकं साधं आहे की आपण पुढे निघून जातो. पण सांधे का झिजतात आणि काठी कोणत्या हातात धरायची, ही दोन्ही उत्तरं याच वाक्यातून निघतात. कशी, ते बघू.

स्नायू कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात आडवे पट्टे दिसतात. प्रत्येक तंतू म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या बारीक खणांची रांग असते. एक खण साधारण 2 ते 2.5 मायक्रोमीटर लांब, म्हणजे एक सेंटिमीटर तंतूत चार हजारांच्या आसपास खण. खणात दोन प्रकारचे धागे एकमेकांत शिरलेले असतात, जाड मायोसिन आणि बारीक ॲक्टिन. 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवून दिलं की स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. दोन्ही गटांत एकेक हक्सली होते, अँड्र्यू आणि ह्यू, आणि त्यांचं आपसांत नातं नव्हतं.

सरकवण्याचं काम मायोसिनची डोकी करतात. मज्जातंतूकडून निरोप आला की तंतूच्या आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरची अडसरं बाजूला होतात, मायोसिनचं डोकं ॲक्टिनला पकडतं आणि मान मोडल्यासारखं झुकून त्याला काही नॅनोमीटर ओढतं. पकड सोडण्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या इंधनाचा, एक रेणू लागतो. लक्षात घ्या, ऊर्जा नसेल तर पकड सुटत नाही. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होतं ते याच कारणाने: एटीपी संपतं आणि कोट्यवधी डोकी पकडल्या जागी अडकून राहतात.

धागे एकमेकांत किती शिरलेले आहेत यावर ओढीची ताकद ठरते. फार ताणले गेले तर पकडायला जागा उरत नाही, फार आखडले तर सरकायला जागा उरत नाही. जोर असतो तो मधल्या लांबीला. हे आत्ता इथेच बघता येईल. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. जमत नाही. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या मांसल भागात असतात आणि लांब कंडरांनी मनगटावरून बोटांपर्यंत पोचतात. मनगट वाकवून तुम्ही त्यांना आधीच आखूड केलंत, आता ओढायला काही शिल्लक नाही. शिवाय बोटं उघडणाऱ्या मागच्या कंडरा मनगटावर ताणल्या जाऊन बोटांना मागे खेचतात. मनगट थोडं मागे वळवा, साधारण 20 ते 30 अंश, आणि आता मूठ आवळा. फरक लगेच कळेल. हत्यार हातात घेऊन दिवसभर काम करणाऱ्याने मूठ अशी ठेवली की मनगट वाकणार नाही, तर तेवढ्याच कामाला कमी जोर लागतो आणि कंडरा घासल्या जात नाहीत.

आता ओढीचा हिशोब. कोपराच्या सांध्यापासून बायसेप्सची जोडणी साधारण 5 सेंटिमीटरवर असते, आणि तळहात सुमारे 35 सेंटिमीटरवर. तळहातावर 5 किलोचं वजन धरलं तर स्नायूला सातपट अंतराचा तोटा सोसावा लागतो: 5 गुणिले 35, भागिले 5, म्हणजे 35 किलोंची ओढ. हाताचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. एवढा तोट्याचा सौदा शरीराने का केला? कारण त्याच्या बदल्यात वेग मिळतो. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात सेंटिमीटर हलतो. चेंडू फेकणं, तोल जाताना पटकन हात टेकणं हे त्यामुळेच जमतं.

पण किंमत सांध्याला मोजावी लागते. स्नायू 35 किलोंनी वर ओढतोय, वजन 5 किलोंनी खाली, तर उरलेले 30 किलो जातात कुठे? ते दंडाच्या आणि कोपराखालच्या हाडाला एकमेकांवर दाबण्यात जातात. हातात 5 किलो, सांध्यावर 30. सांध्यावरचा भार मोजताना लोक शरीराचं वजन बघतात, पण त्यातला मोठा हिस्सा आपल्याच स्नायूंच्या ओढीचा असतो.

एवढा दाब सहन करायला हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं, मोठ्या सांध्यांत 2 ते 4 मिलिमीटर जाडीचं. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. म्हणून ती झिजायला लागली तरी सुरुवातीला दुखत नाही, आणि एकदा फाटली की नीट भरून येत नाही. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, तेही स्पंजासारखं: भार पडला की पाणी बाहेर, भार हटला की आत. गुडघ्यासारख्या सर्वांत मोठ्या सांध्यातही हे वंगण एरवी चमचाभरसुद्धा नसतं. सांधा दुखतो म्हणून त्याला महिनोन्‌महिने हलवायचंच नाही असं ठरवलं तर कूर्चेची उपासमार होते. प्लास्टरमधून सुटलेला सांधा आखडलेला असतो, त्याभोवतीचा स्नायू वाळलेला असतो आणि कूर्चाही मऊ पडलेली असते. म्हणून प्लास्टर निघाल्यावर चाल पायरीपायरीने वाढवायची असते.

खांदा आणि खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे, पण स्वभाव उलटे. खुब्याची उखळ खोल, हाडानेच गोळा जवळपास अर्धा कवेत घेतलेला. खांद्याची उखळ इतकी उथळ की दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला म्हणावा लागेल, बसलेला नाही. तो जागेवर ठेवण्याचं काम चार लहान स्नायू सतत करतात. हात डोक्यावर नेताना खांद्यावरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, दंडाला वर ओढतो, तेव्हा गोळाही वर सरकू पाहतो. हे चार त्याला उखळीत दाबून धरतात. ते थकले किंवा त्यांची कंडरा फाटली की गोळा वरच्या हाडाच्या कमानीखाली घासतो, आणि हात 60 ते 120 अंशांच्या दरम्यान असताना नेमकी कळ येते. शिवाय हात पूर्ण 180 अंश वर जातो त्यातले 60 अंश खांद्याच्या सांध्याचे नसतातच, पाठीवरचं खांद्याचं पातं फिरतं म्हणून मिळतात. खांद्याच्या व्यायामात पात्याच्या स्नायूंना विसरलं तर निम्मं काम राहून जातं.

आता खुबा, आणि इथे जरा थांबू, कारण रोजच्या आयुष्यात सर्वांत जास्त चूक इथेच होते. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. 60 किलोंचा माणूस घ्या. टेकलेला पाय साधारण 10 किलोंचा. उरलेले 50 किलो त्या एका खुब्यावर तोलायचे आहेत, आणि त्यांचा मध्य खुब्यापासून आतल्या बाजूला सुमारे 10 सेंटिमीटरवर. कटी त्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा ग्लुटियस मीडियस हा स्नायू तिला धरून ठेवतो, पण त्याच्या वाट्याला फक्त 5 सेंटिमीटरचं अंतर. म्हणजे त्याला 100 किलोंनी ओढावं लागतं. वजनाचे 50 आणि ओढीचे 100: खुब्यावर 150 किलो, शरीराच्या वजनाच्या अडीचपट, आणि हे नुसतं उभं राहण्यात.

खुबा दुखणारा माणूस काठी बहुधा दुखऱ्या बाजूलाच धरतो. तिथे दुखतंय, आधार तिथेच, असं मनाला वाटतं. पण त्या बाजूने काठीने दिलेला वरचा रेटा कटीला त्याच दिशेने फिरवतो ज्या दिशेने वजन आधीच फिरवत आहे. काठी विरुद्ध हातात घ्या. आता ती खुब्यापासून 35 सेंटिमीटरच्या आसपास दूर आहे. तिच्यावर 8 किलोंचा भार दिला तर 8 गुणिले 35, म्हणजे 280. वजनाच्या 500 मधून (50 गुणिले 10) ते वजा केले की स्नायूसाठी 220 उरतात, भागिले 5, म्हणजे 44 किलोंची ओढ. वजनाचे उरलेले 42 आणि ओढीचे 44: खुब्यावर एकूण 86 किलो. आठ किलोंच्या आधाराने 150 वरून 86 वर. यात जादू काही नाही, लांब दांड्याचा फायदा या वेळी आपल्या बाजूने आहे.

काठीची उंची अशी घ्या: हात मोकळा सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकायचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, काठी त्याच्यासोबत.

उतरणं हा वेगळाच प्रकार आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो काम करत असतानाच लांबत जातो, शरीराला हळूहळू खाली सोडतो. भार घेत लांबण्यात तंतूंचे बारीक खण फाटतात. मोठा डोंगर उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आंबतात त्या यामुळे. आंबणं या शब्दामुळे आम्ल साचलं असं वाटतं, पण लॅक्टिक आम्ल तासाभरातच निघून गेलेलं असतं. तोच उतार आठ-दहा दिवसांनी पुन्हा उतरा, दुखणं बरंच कमी असेल. स्नायू सावरतो आणि शिकतोही.

गुडघ्याची वाटी याच स्नायूच्या कंडरेत बसवलेली आहे. ती कंडरेला सांध्यापासून पुढे ढकलून धरते, त्याने ओढीला जास्त अंतर मिळतं. बदल्यात वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते: सपाट चालताना वजनाच्या निम्म्याच्या आसपास, जिन्यावर तिपटीहून जास्त. म्हणून वाटीमागचं दुखणं सपाट रस्त्यावर गप्प असतं आणि जिन्यावर बोलतं.

इथे एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. गुडघ्यात थोडंसं पाणी झालं, अगदी 20-30 मिलिलिटर, तरी मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूला मिळणारे निरोप कमी होतात. माणूस पूर्ण जोर लावतो, स्नायू देत नाही. काही आठवड्यांत मांडी वाळते, मग वाटी नीट सरकत नाही, मग पुन्हा सूज. त्यामुळे आधी सूज उतरवायची आणि तिच्यासोबतच स्नायू जागा ठेवायचा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती खाली दाबा, पंजा आपल्याकडे ओढा, पाच ते दहा सेकंद धरा, श्वास रोखू नका, मग पूर्ण सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. वाटीच्या आतल्या बाजूला बोट ठेवून स्नायू फुगतोय ना ते बघा. मागचीच मांडी आवळली जात असेल तर व्यायाम झालाच नाही. हे वेदनेशिवाय जमू लागलं की गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचला, आणि तेही सोपं झालं की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बसताना मुद्दाम सावकाश. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा फुगलेला दिसला तर एक पायरी मागे या आणि तिथे आणखी आठवडाभर काढा.