कागदावर हवामान ठीक होतं

शुक्रवार, १६ जुलै १९९९. न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटी विमानतळावरून रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी एक छोटं विमान उडालं. पायपर साराटोगा, एक इंजिन. चालवणारा जॉन एफ. केनेडी ज्युनियर, अमेरिकेच्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, वय ३८. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेव्हणी लॉरेन. लॉरेनला मार्थाज् व्हिनयार्ड बेटावर उतरवायचं आणि पुढे घरच्या लग्नाला जायचं.

वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. नुसती उन्हाळ्यातली धुरकट हवा. अंदाजातली दृश्यमानता नियमात बसत होती. मात्र केनेडीचा परवाना बाहेर बघून विमान चालवण्याचा. नुसत्या उपकरणांवर विसंबून उडवण्याचं प्रशिक्षण अर्ध्यावरच होतं. प्रशिक्षक जवळ नसताना, हे विमान, रात्रीच्या वेळी त्याने किती उडवलं होतं? तासभरही नाही. एका प्रशिक्षकाने सोबत येऊ का, असं विचारलंही होतं. एकट्याने जायचंय, असं उत्तर मिळालं.

किनाऱ्याचे दिवे होते तोवर निभावलं. मग सुमारे ३० मैल उघडं पाणी. खाली काळं, वर काळं, मधली रेघ पुसलेली. त्याच रात्री तिथून गेलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाला बेट दिसेचना. त्याला वाटलं, तिथली वीजच गेली असावी!

अशा वेळी कान दगा देतो. विमान हळूहळू कलत वळू लागलं, तर काही सेकंदांत आतल्या कानातला द्रवही त्या वळणाला सरावतो आणि मेंदूला कळवतो: सगळं सरळ आहे. उंची घटतेय म्हणून वैमानिक दांडा ओढतो, तर वळण आणखी आवळतं. खरं काय ते समोरचा कृत्रिम क्षितिजदर्शक (विमान किती कललंय ते सांगणारं उपकरण) दाखवत असतो. पण अंग एक सांगतंय आणि काटा दुसरंच, तेव्हा काट्याचं ऐकायचं, हे सवयीशिवाय कुणालाच जमत नाही.

रडारवर विमान उजवीकडे वळलं, थोडं चढलं, डावीकडे वळलं, पुन्हा उजवीकडे. शेवटची नोंद १,१०० फुटांवरची. खाली येण्याचा वेग मिनिटाला ४,७०० फुटांच्या घरात. म्हणजे हातात १५ सेकंदही नव्हते.

पाणबुड्यांनी २१ जुलैला तिघांचे मृतदेह समुद्रतळावरून वर आणले. इंजिनात बिघाड आढळला नाही. वर्षभराने आलेल्या चौकशी अहवालात मुख्य कारण नोंदवलं गेलं ते रात्री पाण्यावर दिशाभान हरपून नियंत्रण सुटल्याचं. हातभार लावणारी कारणं दोन: अंधार आणि धुरकट हवा.