शाळेच्या हातातले वीस गुण

नमस्कार श्रोतेहो.

दहावीचा निकाल लागला की नागपुरात महालापासून हिंगण्यापर्यंत एकच प्रश्न: किती टक्के मिळाले? त्यातले शाळेने दिलेले किती, बोर्डाच्या पेपरातले किती, हे कोणी विचारत नाही. मला आज त्यावरच बोलायचं आहे.

भाषेची 80 गुणांची लेखी परीक्षा बोर्ड घेतं, 20 गुण शाळा तोंडी परीक्षा वगैरे घेऊन देते. 2019 च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले हे वीस गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर घसरला. आपला नागपूर विभाग 67.27 टक्क्यांवर, राज्यात शेवटचा. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सगळं खापर एकाच निर्णयावर फोडू नये. पुढच्याच वर्षी वीस गुण परत आले. 2021 मध्ये तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, सगळे गुण शाळांनी दिले आणि निकाल लागला 99.95 टक्के!

हे पाहून ‘वीस गुण पुन्हा काढा’ म्हणणारे आहेत, पण त्यांच्याशी मी सहमत नाही. काटोलकडची एखादी मुलगी वर्गात उभी राहते आणि संत्र्याचा मृग बहार का गळला, बाबांनी काय केलं, पाणी कुठे कमी पडलं, हे न अडखळता सांगते. तीन तासांच्या पेपरात हे कुठे दिसणार? ते तिच्या बाईंनाच दिसतं.

पण त्याच बाईंच्या तक्त्यात एकाच दिवशी, एकाच पेनाने साऱ्या वर्गाला अठरा, एकोणीस, अठरा भरलेले असतील, तर त्या मुलीवर अन्यायच झाला. तिचं बोलणं आणि गप्प बसलेल्या मुलाचं न बोलणं सारखंच ठरलं.

हाँगकाँगमध्ये यावर एक उपाय आहे. शाळेने लावलेला मुलांचा क्रम तिथलं परीक्षा मंडळ बदलत नाही, पण शाळेचे गुण सैल किंवा कडक वाटले तर बाहेरच्या परीक्षेतल्या कामगिरीशी ताडून ते खालीवर करतं. शिक्षकांचा शब्द राहतो आणि खिरापतही थांबते. आपल्याकडेही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर पालकांनी एवढं करावं. पालकसभेत टक्के विचारण्याआधी तोंडी परीक्षेची नोंद बघायला मागा: कोणत्या दिवशी घेतली, काय विचारलं, आपलं लेकरू काय बोललं.